इंग्रजीचे भारी शब्द डोक्यात टिकवायचे कसे

तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं एका दिवसात पन्नास-पन्नास शब्द पाठ करतात अन चार दिवसांनी त्यातले पाचही आठवत नाहीत, यात डोक्याचा काही दोष नाही भाऊ, पद्धतच चुकते.

पहिले रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द पक्के करा. मग कोणते घ्यायचे? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे, म्हणजे अभ्यासाच्या इंग्रजी लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, २००० सालची, त्यात शब्दांची ५७० कुटुंबं आहेत, एका शब्दापासून बनलेले सगळे शब्द मिळून एक कुटुंब, नेटवर फुकट भेटते.

अन शब्द एकटा घ्यायचाच नाही, अख्खं घराणं घ्यायचं. कृषी केंद्रात गेले की डब्यांवर वाचा, इन्सेक्टिसाइड, फंगीसाइड, हर्बिसाइड. ते शेवटचं साइड लॅटिनमधून आलं, मारणारं या अर्थानं, हे एकदा समजलं की होमिसाइड, जेनोसाइड कोणी न सांगता उलगडतात. पण डिसाइडही त्याच मुळातून आलाय अन तिथं मारायचा काही संबंध नाही, मूळ अर्थ कापून टाकणे, म्हणून अंदाज लावा खुशाल पण डिक्शनरी उघडल्याशिवाय पुढं जाऊ नका, अन शक्यतो इंग्रजी-इंग्रजीच घ्या, त्यात वाक्यं असतात. शब्दाचे सोबतीही तिथंच दिसतात, पाऊस हेवी असतो अन वारा स्ट्राँग, उलटं केलं की लगेच खटकते.

आता कार्ड. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घ्या. पुढं वाक्य लिहा, शब्दाची जागा रिकामी: 'ड्रिप इरिगेशन कॅन ---- द इम्पॅक्ट ऑफ ड्रॉट'. मागं मिटिगेट, त्याचं नाम मिटिगेशन, अन मराठीत झळ कमी करणे. डब्यात तीन कप्पे करा, पहिला रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. जमलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही जमलं तर सरळ पहिल्यात वापस. ही सेबास्टियन लाइटनर यांची पद्धत, १९७० च्या दशकातली. मोबाईलवर पाहिजे असेल तर अंकीड्रॉइड नावाचं कार्डांचं अ‍ॅप टाका, फुकट आहे अन वावरात रेंज नसली तरी चालते.

नवीन शब्द दिवसाला पाच-सहाच, जास्त नको.

आठवड्यातून एकदा सोयाबीनचा भाव, फवारणी, एसटीची वाट, कशावरही आठ-दहा ओळी इंग्रजीत लिहा, त्यात नवे शब्द बसवा अन गावातल्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना दाखवा, कारण अर्थ बरोबर असूनही शब्द भलत्या जागी बसला असला तर आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसते.