पहिले रिकर्व्ह धनुष्य निवडताना

रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य घेताना नवा तिरंदाज आधी पाउंडेज, म्हणजे दोरी खेचायला लागणारा पाउंडांतला जोर, विचारतो आणि बहुधा झेपेल त्याहून जड धनुष्य घेऊन बसतो. सुरुवात खरे तर स्वतःच्या शरीरापासून करायला हवी.

प्रथम प्रबळ डोळा ओळखावा. हात समोर ताणून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवावी, तिच्यातून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ. तो उजवा असल्यास उजव्या हाताने दोरी खेचण्याचे, म्हणजे डाव्या हातात धरण्याचे धनुष्य घ्यावे.

त्यानंतर ड्रॉ लेंग्थ, म्हणजे आपण दोरी किती लांब खेचतो ते माप. दोन्ही हात बाजूंना पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे. हे अंतर १७० सेंटिमीटर असेल, तर उत्तर ६८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २७ इंच येते, आणि अशा व्यक्तीला ६८ इंची धनुष्य, म्हणजे २५ इंची रायझर (मुठीचा मधला भाग) व मध्यम लांबीचे लिंब्स (त्याच्या वर-खाली जोडायचे लवचीक भाग), साधारणपणे योग्य ठरतात. हा अंदाज आहे. पक्के माप प्रशिक्षकासमोर हलके धनुष्य खेचूनच घ्यावे.

पाउंडेजबाबत मात्र घाई अजिबात करू नये. आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते कंपाउंड धनुष्यावर, ज्यात पूर्ण खेचल्यावर चाकांमुळे हातावरचा भार बराच उतरतो. रिकर्व्हमध्ये तो शेवटपर्यंत वाढतच जातो आणि नेम धरताना सगळा पाठीने पेलावा लागतो, म्हणून दोन्हींच्या पाउंडांची तुलना करू नये. लिंब्सवरचा आकडा सहसा २८ इंच खेचीसाठी असतो आणि प्रत्येक इंचामागे अंदाजे २ पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे २७ इंच खेचणाऱ्याला २४ पाउंडांचे लिंब्स जवळपास २२ पाउंडांचेच जाणवतात. प्रौढ नवशिक्याने २० ते २४ पाउंडांपासून आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे. ऑलिंपिकचे ७० मीटर अंतर पाहून मन अधीर होते खरे, पण न पेलणाऱ्या भाराने खांदा वर चढतो, दोरी हनुवटीपर्यंत नीट येत नाही, आणि अशी चुकीची सवय पुढे फार कष्टाने सुटते.

याच कारणासाठी पैसा रायझरमध्ये घालावा आणि लिंब्स स्वस्त किंवा क्लबकडून उसने घ्यावेत, कारण ताकद वाढेल तसे ते बदलावेच लागतात. आयएलएफ या प्रमाणित जोडणीचा धातूचा रायझर घेतल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे लिंब्स त्यावर बसतात. जुने लिंब्स घेताना ते पिळलेले नाहीत ना आणि त्यांचे थर सुटलेले नाहीत ना, हे दोरी चढवून तपासावे. दोरी चढवण्यासाठी स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्य वाकवायची खास दोरीच वापरावी.

बाण सर्वांत शेवटी घ्यावेत, कारण त्यांचा ताठपणा आपल्या खेचीला प्रत्यक्ष मोजलेल्या पाउंडेजवरून ठरवावा लागतो.