आयरिशमध्ये माणसं मोजताना
आपल्या 'दोघे-तिघे-चौघे'सारखेच आयरिशमध्ये माणसांसाठी वेगळे आकडे आहेत, पण आपण चारला थांबतो आणि ते दहापर्यंत जातात. उच्चार साधारण असे: बेर्त्य (2), त्र्यूर, क्याहरर, कूग्यर, शेशर, श्याख्तर, ओख्तर, नीनूर, देह्न्यूर (10). बारालाही खास शब्द आहे: दारेग. स्त्री-पुरुष भेद नाही. दोघे-दोघी दोन्हींना बेर्त्यच.

चूक होते ती दोनवर. बेर्त्यनंतर नामाचं पहिलं व्यंजन बहुतेकदा मऊ होतं: तीन स्त्रिया 'त्र्यूर बन', पण दोन स्त्रिया 'बेर्त्य वन'. पुरुषांत तर 'फ' गळतोच: 'त्र्यूर फ्यार', 'बेर्त्य आर'. संदर्भ स्पष्ट असेल तर नाम गाळा, नुसतं 'त्र्यूर' म्हणजे तिघं. वस्तूंचा 'त्री' माणसांना लावलात तर कानाला खटकतं.