मुलांची कार सीट निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की घरात एक घाई सुरू होते. ‘आता सीट फिरवा, लेकराला समोरचं दिसू दे.’ कार सीटच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त खटकते ती हीच चूक, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून कोवळे असतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्ट्यांमुळे जागच्या जागी थांबतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तेच मूल मागे तोंड करून बसलेलं असेल तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि जोर सगळीकडे वाटला जातो. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलांना असं बसवण्याची पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ नियमाप्रमाणे बनलेल्या सीटमध्ये १५ महिन्यांच्या आतल्या बाळाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. हा किमान आकडा आहे. सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंडच ठेवा, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगते आहे.

‘पण त्याचे पाय अवघडतात’ ही आजीची तक्रार प्रेमापोटी असते. मुलं मांडी घालून, पाय दुमडून मजेत बसतात. सीट लहान पडली की नाही हे पायांवरून ठरवू नका, डोक्यावरून ठरवा. डोक्याच्या वर सीटची कड साधारण २.५ सेंटिमीटरसुद्धा उरत नसेल, तेव्हा सीट बदलायची वेळ आली. आणि मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका. एअरबॅग उघडताना सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आयसोफिक्स घेतलं म्हणजे झालं?

आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्या पक्क्या कड्यांना हुकांनी अडकणारी सीट आणि गाडीच्या बेल्टने बांधलेली सीट, दोन्ही नीट बसवल्या तर चांगलंच संरक्षण देतात. आयसोफिक्सचा खरा फायदा असा की त्यात चुकायला वाव कमी. दोन्ही बाजूंचे निशाण हिरवे झाले की कळतं. पण नुसते खालचे दोन हूक अडकवून भागत नाही. वरचा टेदर पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा सपोर्ट लेग, यांतलं जे सीटसोबत आलं असेल ते लावायलाच हवं, नाहीतर धडकेत सीट पुढे कलंडते. टेदर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच अडकवा, डिकीतल्या सामानाच्या हुकाला नको. काही गाड्यांत पायाखाली सामानाचा कप्पा असतो. त्याच्या पोकळ झाकणावर सपोर्ट लेग टेकवू नका.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी शेजाऱ्यांच्या सीटा बघून देते, आणि घोळ बहुतेक वेळा बेल्टवाल्या सीटमध्येच सापडतो. एका हॅचबॅकमधली मागे तोंड असलेली सीट वरून घट्ट वाटत होती. पण बेल्ट जिथून ओवलाय तिथे, अगदी खाली, धरून हलवली तर चार बोटं सरकली. बेल्टला मध्ये एक पीळ पडला होता आणि तो निळ्याऐवजी लाल खुणेतून ओवलेला होता. निळी खूण मागे तोंड असताना, लाल खूण पुढे तोंड असताना. पीळ काढला, बेल्ट निळ्या खुणेतून ओवला, गुडघ्याने सीटवर भार दिला, बेल्टचा ढिलेपणा ओढून घेतला, आणि सीट बसली. हीच तपासणी तुम्हीही करा: बेल्टच्या मार्गापाशी धरून हलवा, २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. गाडीच्या बकलचं प्लॅस्टिक सीटच्या कडेवर दाबलं जात असेल तर त्या जागी ती सीट योग्य नाही. मागच्या सीटवर दुसरी जागा बघा.

पट्टे, शील्ड आणि बूस्टर

फाइव्ह-पॉइंट हार्नेस, म्हणजे सीटच्या पाच पट्ट्यांचा संच, खांदे, कंबर आणि मांड्यांमध्ये मुलाला धरून ठेवतो, मात्र तो घट्ट असेल तरच. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर ढिला आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून यावेत, पुढे तोंड असताना पातळीला किंवा जरा वरून. महाबळेश्वरला निघताना जाड जॅकेट घालून पट्टे आवळू नका. जॅकेट दबतं आणि पट्टे सैल पडतात. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला.

पोटासमोर गादीसारखी ढाल असलेल्या इम्पॅक्ट शील्ड सीटमध्ये खांदे मोकळे राहतात. समोरच्या धडकेत ती ढाल मुलाला थोपवते, पण गाडी उलटली तर मूल वरून निसटण्याची धास्ती असते. घाटातल्या प्रवासासाठी मी पाच पट्ट्यांचीच सीट घेईन.

बूस्टर म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवणारी बैठक. तिचं काम एकच, गाडीचा बेल्ट योग्य हाडांवर आणणं. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, कटिहाडांवर. खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून. बूस्टर नसेल तर पट्टा पोटावर चढतो आणि धडकेत आतड्यांना इजा होते. म्हणून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत बूस्टर सोडू नका. लहान मुलांना पाठ असलेलाच घ्या, कारण तो डोकं बाजूनेही सांभाळतो आणि झोप लागली तरी मूल पट्ट्यातून कलंडत नाही.

ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त ‘सीटा’

कापडी, कवच नसलेल्या, पिशवीसारख्या घडी होणाऱ्या सीटा घेऊ नका. लेबल बघा. युरोपीय मान्यतेचं नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात इंग्रजी ‘ई’ आणि आकडा. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवरच आहे. जुना आर-४४ नियम वजनावर चालतो, आर-१२९ उंचीवर, आणि बाजूच्या धडकेची चाचणी फक्त आर-१२९ मध्ये आहे. दोन्ही उपलब्ध असतील तर मी आर-१२९ निवडेन.

वापरलेली सीट नात्यातून आली तर अपघातात सापडली होती का ते विचारा आणि मुदत तपासा. इतिहास कळत नसेल तर नकार द्या.

‘डेक्कनपर्यंतच तर जायचंय’

मांडीवरचं बाळ जवळच्या प्रवासातही मांडीवर राहत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातून गाडी धडकून थांबली तर १० किलोचं बाळ हातांना दोनशे-तीनशे किलोसारखं भासतं. नवले पुलाच्या उतारावर कसे अपघात होतात हे पुणेकरांना सांगायला नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे. आजोबांच्या गाडीतून बाळ रोज पाळणाघरात जात असेल तर तिथेही एक सीट कायमची लावून ठेवा, आणि ती बांधायची कशी हे आजोबांच्या हातूनच दोनदा करून घ्या.