अर्धे कानात, अर्धे बाहेर: स्वस्त इअरबड कसे पारखायचे

माझं कामच ऐकण्याचं आहे. मुलाखती, बैठका, भाषणं यांची ध्वनिमुद्रणं माझ्याकडे येतात आणि मी ती ऐकून शब्दशः उतरवून देते. दिवसाचे पाच-सहा तास कानात काहीतरी असतंच. आधी रबरी टोपीवाले इन-इअर वापरायचे. कानात घाम यायचा, खाज सुटायची आणि फोनवर बोलताना स्वतःचाच आवाज मडक्यात तोंड घातल्यासारखा घुमायचा. म्हणून सेमी-इन-इअरकडे वळले. आतापर्यंत चार जोड्या झाल्या, चारही स्वस्तातल्या. दोन परत केल्या, एकीचा डावा बड बसमधून उतरताना पडला तो पडलाच आणि चौथी हे लिहितानाही कानात आहे.

आधी हा प्रकार नेमका काय आहे ते बघू. याला रबरी टोपी नसते. बड कानाच्या वाटीत नुसता टेकतो, भोक बंद करत नाही. ॲपलने 2016 साली जाहीर केलेल्या पहिल्या एअरपॉड्सनंतर हा दांडीवाला आकार सगळीकडे दिसू लागला. भोक उघडं राहिल्यामुळे बाहेरचं ऐकू येतं, कान गुदमरत नाही. पण त्याच फटीतून खर्जातले आवाज निसटतात. ती भरपाई करायला यात मोठा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, घालतात, बहुतेकदा 12-13 मिलिमीटरचा. आकडा मोठा म्हणून आवाज चांगला असं मात्र काही नाही. मोठा ड्रायव्हर तुमच्या कानात तिरका बसला तर त्याचा काय उपयोग?

म्हणून पहिली परीक्षा बसण्याची, आणि ती घाईत उरकू नका. बड कानात ठेवून दांडी खाली, किंचित तोंडाच्या दिशेला करा. आता बोलण्याचं एखादं ध्वनिमुद्रण लावून दांडी अगदी थोडी पुढे-मागे फिरवा. एका जागी आवाज अचानक भरदार होतो. ती तुमची जागा. आता बघायचं ते हे, की हात काढल्यावर बड तिथेच राहतो का. खाली वाकून बुटाची नाडी बांधा, जोरात जांभई द्या, दहा मिनिटं मोठ्याने वाचा. जबडा हलला की कानाच्या वाटीचा आकारही थोडा बदलतो. माझी पहिली जोडी मान हलवून पडली नाही, पण बोलता बोलता दर पाच मिनिटांनी सैल व्हायची. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे आपण गप्प उभे असतो.

दुखणं तर आणखी उशिरा कळतं. कानाच्या भोकाच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो आणि त्याच्या समोर, पाळीच्या वर, दुसरा. बड या दोघांच्या मधे अडकून राहतो, म्हणून जाड बड असेल तर इथेच टोचतो. पहिली दहा मिनिटं काहीच वाटत नाही. चाळिसाव्या मिनिटाला हात आपोआप कानाकडे जायला लागतो. मी गजर लावून एक तास बसते आणि किती वेळा हात गेला ते कागदावर रेघा मारून मोजते. दुसऱ्या जोडीला उजव्या कानासाठी एक रेघ होती आणि डाव्यासाठी नऊ. दोन्ही कान सारखे नसतात, हे मला तेव्हा कळलं. आवाज सुरेख होता तिचा, पण नाकापेक्षा मोती जड झाला तर तो घालायचा कसा? परत पाठवली.

आवाज तपासायला बहुतेक जण धडधडतं गाणं लावतात. त्यात सगळेच बड दोन मिनिटं छान वाटतात. रोजच्या वापरात आपण बोलणं खूप ऐकतो, म्हणून मी बोलण्यावरून सुरुवात करते. माझ्याच आवाजात, शांत खोलीत फोनवर रेकॉर्ड केलेली एक मिनिटाची फीत आहे. तिच्यात 'जग' हा शब्द दोनदा येतो: एकदा दुनिया या अर्थाने आणि एकदा 'शंभर वर्षं जग' मधला. लिहायला दोन्ही सारखे, उच्चारात ज वेगळा. दुसऱ्या ज मधे दातांमागून जी बारीक सरसर येते ती वरच्या पट्टीतल्या ध्वनींची असते. तीच गोष्ट 'साप' आणि 'शाप' यांची. बड या पट्टीत मऊ असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात, आणि तीव्र असेल तर प्रत्येक 'स' कानात सुईसारखा घुसतो. दोन्ही दोष पहिल्या गाण्यात लपतात आणि तिसऱ्या तासाला डोकं दुखवतात. अशी फीत तुम्हीही करा. पाच मिनिटांचं काम आहे. मग हवं तर एखादं ओळखीचं गाणं लावून तबल्याचा डग्गा ऐका. घुमारा इन-इअरइतका मिळणार नाही. तो कमी असला तरी चालेल, थाप नुसती 'टप्' अशी कोरडी वाजू नये.

यापुढची परीक्षा मी सगळ्यात महत्त्वाची मानते, आणि ती शांत खोलीत होत नाही. उघड्या बडमधे बाहेरचा गोंगाट थेट शिरतो, त्यामुळे आवाज वाढवायचा मोह होतो. माझ्या फोनवर आवाजाच्या 15 पायऱ्या आहेत. तीच फीत लावून प्रत्येक शब्द स्पष्ट कळेल अशी सर्वांत खालची पायरी शोधायची: आधी शांत खोलीत, मग पंखा लावून, मग नेहमीच्या प्रवासात. सध्याच्या जोडीचे माझे आकडे 5, 7 आणि 11 आहेत. परत केलेल्या एका जोडीला पंख्याखालीच 11 लागत होते आणि बसमध्ये पंधरावी पायरीही पुरत नव्हती.

हे मोजण्याची गरज काय, तर कानाची सहनशक्ती ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. दर 3 डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते: 83 ला 20 तास, आणि 90 ला आठवड्याचे जेमतेम 4. माझ्यासारखीचे चार तास तर सोमवारी दुपारीच संपतील. तुमचा रोजचा वेळ कायम गोंगाटात जात असेल, तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, कितीही आरामशीर असला तरी. खोक्यावर एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट कानापर्यंत येऊ न देणारी सोय, लिहिलं असेल तरी फार विसंबू नका. भोक उघडं असताना गोंगाट पुसणं अवघड असतं. थोडी घरघर कमी होते, बोलणं आणि हॉर्न तसेच राहतात.

एएनसीच्या शेजारीच बहुतेकदा ईएनसी असं छापलेलं असतं आणि इथे पुष्कळ जण फसतात, मीही फसले. ईएनसी तुमच्या कानासाठी नसतं. तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट ते कमी करतं, म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला. ते तपासायला पंख्यासमोर बसून कुणाला तरी फोन करा आणि आकडे मोजून दाखवा. 'ऐकू येतंय ना' असं विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. एक आडवातिडवा नऊ-दहा आकडी क्रमांक सांगा आणि पलीकडच्याला तो परत म्हणायला लावा. रेकॉर्ड करून तपासणार असाल तर आधी दांडीच्या टोकावर नख घासा. खरखर जोरात उमटली तर बडचा माइक चालू आहे. नाही तर फोनचाच माइक रेकॉर्ड करतोय आणि तुम्ही उगाच बडची स्तुती करत बसाल.

लॅपटॉपवरच्या बैठकीत बडचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा झाला, तर तो लगेच बिघाड समजू नका. ब्लूटूथवर एकाच वेळी ऐकणं आणि माइक दोन्ही चालवायचे झाले की जोडणी फोनकॉलच्या साध्या पद्धतीवर उतरते आणि वरच्या पट्टीचे ध्वनी कापले जातात. माझे दोन्ही 'जग' तिथे एक होऊन जातात. उपाय सोपा आहे: सेटिंगमधे माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा आणि बड फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

बॅटरीच्या बाबतीत खोक्यावरचा मोठा आकडा डबीसकटचा असतो. '40 तास' म्हणजे बड डबीत घालून पुन्हा पुन्हा चार्ज केल्यावरचे एकूण तास, तेही बहुतेकदा अर्ध्या आवाजावर. आपल्याला हवा तो एका दमाचा आकडा. पूर्ण चार्ज करा, नेहमीच्या पायरीवर लावा आणि घड्याळ बघा. कोणता बड आधी बंद पडतो आणि किती मिनिटं आधी, हेही लिहून ठेवा. थोडा फरक चालतो; तासाभराचा असेल तर एका बाजूची बॅटरी नवी असतानाच कमजोर आहे. या बॅटऱ्या इवल्याशा असतात, वापराने त्यांची ताकद घटते आणि बदलता येण्यासारखी सोय जवळपास नसतेच. म्हणून आज गरजेपुरतेच तास मिळत असतील तर वर्षाने ते पुरणार नाहीत.

बाकीचं पटापट. ब्लूटूथ 5.3 आहे की 5.2 यावर आवाजाचा दर्जा ठरत नाही, त्यावर रात्र जागवू नका. आयपीएक्स4 म्हणजे कुठल्याही बाजूने आलेले शिंतोडे आणि घाम चालतो, नळाखाली धुणं नाही. डबीला तर बहुतेकदा तेवढंही संरक्षण नसतं. व्हिडिओ बघताना ओठ आणि आवाज जुळले म्हणून मोबाइलवरच्या खेळातही चित्र आणि आवाज जुळतील असं नाही, कारण व्हिडिओ दाखवणारं ॲप चित्र मुद्दाम थोडं थांबवून घेतं, खेळात ते जमत नाही. खेळणाऱ्यांनी खेळूनच बघावं. फोन मागच्या खिशात, मग पुढच्या, मग डाव्या, मग उजव्या असा ठेवून मोकळ्या मैदानात चाला. ब्लूटूथच्या लहरी आपल्या शरीरात शोषल्या जातात आणि बाहेर त्यांना परावर्तित करायला भिंती नसतात, म्हणून घरात न तुटणारा आवाज मैदानात तुटतो.

स्पर्शाने चालणाऱ्या बटणांचा माझा अनुभव वाईट आहे. सेमी-इन-इअर सतत नीट बसवावा लागतो आणि प्रत्येक वेळी हात लागून गाणं थांबतं किंवा कुणाला तरी फोन लागतो. दांडी चिमटीत दाबावी लागते अशी रचना बरी. तशी नसेल तर एका टकटकीचं काम ॲपमधून बंद करता येतं का ते आधी बघा.

हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत उरकायचं, म्हणून मी पहिल्याच दिवशी खोकं जपून ठेवते आणि शेवटची तारीख त्याच्यावरच लिहिते.

मुदतीनंतर एक बड हळू वाजायला लागला तर लगेच टाकून देऊ नका. रबरी टोपी नसल्यामुळे कानातला मळ थेट जाळीवर बसतो. गेल्या महिन्यात माझा डावा असाच बसला होता. पाणी, स्पिरिट काही न लावता, जाळीची बाजू खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटकलं. टाचणी मुळीच घालायची नाही, जाळी फाटते. मग फीत पुन्हा लावली: पाचवी पायरी, दोन्ही 'जग' वेगवेगळे.