एसएसएच सत्र गोठण्यामागचे कारण: माझा अनुभव

मुलुंडच्या घरून अंधेरीच्या कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याची पद्धत) प्रवेश मिळे, लहान आज्ञाही चालत. मात्र लांबलचक लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) उघडताच सत्र गोठत असे. कार्यालयातील सहकाऱ्यांना सर्व्हर सुरळीत चालताना दिसत असल्याने मेमरी व डिस्कवरचा संशय मिटला. त्यांनी सर्व्हरवरून माझ्या राउटरकडे, पॅकेटचे (डेटाच्या गठ्ठ्याचे) तुकडे न करण्याची अट घालून, पिंग (उत्तर येते का हे पाहणारे चाचणी-पॅकेट) वेगवेगळ्या आकारांत पाठवले, तेव्हा १४६४ बाइटांपर्यंत उत्तर आले आणि त्यापुढे काहीच आले नाही. त्यात पॅकेटला जोडली जाणारी २८ बाइटांची शीर्षके (पत्ता वगैरे माहिती) मिळवली की १४९२ होतात, म्हणजेच पीपीपीओई जोडणीची (ब्रॉडबँडच्या एका प्रकारच्या जोडणीची) नेहमीची मर्यादा. सर्व्हर मात्र १५०० बाइटांची पॅकेट पाठवत होता आणि ती मोठी असल्याचा आयसीएमपी निरोप (नेटवर्कमधील अडचण कळवणारा संदेश) कार्यालयाची फायरवॉल (नेटवर्कची ये-जा गाळणारी यंत्रणा) अडवत होती; त्यामुळे सर्व्हरला आकार कमी करायचे कळत नसे आणि मोठी पॅकेट वाटेतच गळत. सर्व्हरचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करताच लॉग पूर्ण उघडला, नंतर फायरवॉलमध्ये तो निरोप येऊ दिला आणि एमटीयू पूर्ववत केला.