टिकटिक टॅपेटची नव्हतीच

सकाळी गाडी सुरू केली का टिकटिक टिकटिक, अन् दर्यापूरले पोचेपर्यंत गायब, म्हणून दोन महिने मीच टाळलं. मेकॅनिक म्हणे भाऊ टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग) वाजते, इंजिन खोलावं लागन. म्या म्हटलं थांब बाप्पा. डिपस्टिक (ऑइल मोजाची पट्टी) पाहिली, ऑइल बरोबर. मग लांब पेचकसाची मूठ कानाले लावून (इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर राहा बरं) टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, तिथं काही खास नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप) पाहतो तर गॅस्केटच्या (जोडातून धूर निघू नये म्हणून मधात बसवलेली चकती) कडेले काजळीचा पट्टा, चुलीमागच्या भिंतीवर असते तसा! थंडपणी तिथून गॅस फुटे, लोखंड तापून फुगलं का फट बंद. इंजिन थंड झाल्यावर नट खोलले, एक तर हातानंच फिरला, नवीन गॅस्केट टाकली. आता सकाळी फक्त कोंबडा ऐकू येते.