डिझेल ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाहेरचा कंट्रोलर बसवताय? या चुका टाळा

नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा महिन्याभरात काळ्या पडल्या, तेव्हा मी आठवडाभर गिअरबॉक्सलाच दोष देत होतो. दोष निघाला पेडल सेन्सरच्या सैल दांडीत. मी पेडल तळापर्यंत दाबलं तरी गिअर बदलणाऱ्या कंट्रोलरला ६० टक्केच दिसायचं, आणि तेवढ्याच हिशेबाने तो तेलाचं प्रेशर ठेवायचा. मागे ट्रेलर, समोर चढ आणि प्लेटांवर अर्धवट दाब. प्लेटा जळणारच होत्या.

जनरल मोटर्सचा ४एल८०-ई किंवा फोर्डचा ई४ओडी यांसारखे गिअरबॉक्स पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांमागे बसायचे. त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या कंट्रोलरमधली सुरुवातीच्या सेटिंगची फाइल मात्र बहुतेक वेळा पेट्रोल इंजिन गृहीत धरूनच केलेली असते. इंजिन किती जोर लावतंय हे कंपनीच्या मूळ कॉम्प्युटरला ठाऊक असतं. बाहेरच्या कंट्रोलरला ते पेडल, आरपीएम आणि वेग यांवरून ताडावं लागतं. बहुतेक बिघाड या अंदाजातच असतात, म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी तो अंदाज कशावर चाललाय ते बघा.

पेडलचा सिग्नल घाईत जुळवणे

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांना, उदाहरणार्थ १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर कमिन्सला, थ्रॉटल सेन्सर पंपाच्या लिव्हरवर बाहेरून बसवावा लागतो. तो जुळवताना बॉनेटखाली उभं राहून हाताने लिव्हर ओढू नका. चावी ऑन, इंजिन बंद, आणि केबिनमध्ये बसलेल्याने पायाने पेडल दाबायचं. केबलचा ढिलेपणा आणि पेडलखाली अडकणारी मॅट तेव्हाच उघडी पडते. सिग्नलच्या वायरवर मल्टिमीटर लावून पेडल अगदी सावकाश दाबा. व्होल्टेज साधारण ०.५ पासून ४.५ पर्यंत एकसंध चढलं पाहिजे. मध्ये कुठे आकडा उडाला किंवा क्षणभर शून्यावर आला, तर सेन्सर बदला. पेडल त्याच जागी असताना गिअर विनाकारण वर-खाली होण्यामागे हे कारण हमखास सापडतं.

सेन्सर जुळला तरी एक मेख उरते, आणि ती फार कमी जण लक्षात घेतात. अनेक यांत्रिक पंपांत पेडल इंजिनाकडे वेग मागतं, जोर नाही. चढ लागला की गव्हर्नर (पंपातला, इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) तो वेग टिकवण्यासाठी आपणहून डिझेल वाढवतो. पाय अर्ध्यावर, पंप मात्र पूर्ण डिझेल देतोय, आणि कंट्रोलर समजतो की गाडी आरामात चालली आहे. तुमचा कंट्रोलर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, मोजणारा सेन्सर घेत असेल तर तो जोडाच. नसेल घेत, तर प्रेशरच्या तक्त्यात ३० ते ६० टक्के पेडलच्या पट्ट्यात प्रेशर सढळ हाताने वाढवा. गिअर थोडे कडक पडतील, पण प्लेटा वाचतील.

प्रेशरचा उलटा हिशेब विसरणे

४एल८०-ई मध्ये प्रेशर सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) करंट वाढला की तेलाचं प्रेशर कमी होतं. करंट शून्य म्हणजे प्रेशर सर्वात जास्त, आणि १.१ अँपिअरच्या आसपास सर्वात कमी. काही कंट्रोलर तक्त्यात प्रेशर दाखवतात, काही करंट. कोणता आकडा समोर आहे हे न बघता तो वाढवला, तर भर लोडमध्ये आपल्याच हाताने प्रेशर काढून घेतल्यासारखं होतं. गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टला ३०० पीएसआयपर्यंतचा साधा गेज लावा आणि काटा कुठे जातो ते डोळ्यांनी बघा. नुसत्या धक्क्यावरून प्रेशरचा अंदाज बांधू नका.

गिअर बदलायचे आरपीएम पेट्रोलचेच ठेवणे

पूर्ण पेडलला गिअर ४,५०० आरपीएमवर बदलायला सांगितलेला असेल आणि इंजिनच २,७०० च्या आसपास गव्हर्नरला टेकत असेल, तर गिअर बदलणार कधी? ट्रक ओरडत दुसऱ्यातच राहतो आणि पाय उचलला की धाडकन तिसरा पडतो. लोक याला गिअरबॉक्सचा बिघाड समजतात.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच महागात जाते. ४एल८०-ई चे चार गिअरचे रेशो २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५. दुसऱ्यातून तिसऱ्यात २,५०० वर गेलात तर इंजिन साधारण १,६९० वर येतं, म्हणजे टर्बो अजून जोरात आहे. तेच १,६०० वर बदललं तर इंजिन १,०८० वर कोसळतं, बूस्ट जातो, कंट्रोलर पुन्हा दुसरा टाकतो, आणि चढ संपेपर्यंत हा खेळ चालू राहतो. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग यांत भरपूर अंतर ठेवा. गिअर प्रत्यक्ष लागायला वेळ जातो, म्हणून हुकूम गव्हर्नरच्या दोनेकशे आरपीएम आधीच सुटला पाहिजे.

एक्झॉस्ट ब्रेकची खबर कंट्रोलरला न देणे

ही चूक मला सर्वात धोक्याची वाटते. उताराला पाय पेडलवरून निघतो. कंट्रोलरला शून्य पेडल दिसतं, तो लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सोडतो आणि प्रेशर तळाला नेतो. नेमकं त्याच वेळी एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवून इंजिनाला रोखतो, आणि सगळ्या मालाचा जोर चाकांकडून उलटा गिअरबॉक्सवर येतो. लॉक-अप सुटला की ब्रेकचा असर उरत नाही. लॉक-अप टिकला पण प्रेशर कमी असलं, तर प्लेटा घसरतात.

एक्झॉस्ट ब्रेकच्या स्विचची वायर कंट्रोलरच्या इनपुटला द्या. ब्रेक चालू असताना लॉक-अप धरून ठेवणं आणि प्रेशर वाढवणं, ही दोन्ही कामं त्या इनपुटला बांधा. कंट्रोलरला अशी सोय नसेल, तर त्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वायरिंग आणि बॅटरी

कंट्रोलरची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. चॅसिसचा गंजका बोल्ट चालणार नाही. इंजिनाचा हवा तापवणारा हीटर शंभराच्या वर अँपिअर ओढतो. थंडीत गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गिअर वेडेवाकडे पडून नंतर सगळं सुरळीत होत असेल, तर त्या काळात कंट्रोलरपाशी किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

ट्रक २४ व्होल्टचा असेल तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन मरते. कन्व्हर्टर लावा.

डिझेलला इग्निशन कॉइल नसते, त्यामुळे आरपीएम अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (आरपीएमचा सिग्नल देणाऱ्या टोकावरून) किंवा फ्लायव्हीलपाशी बसवलेल्या पिकअप सेन्सरवरून घ्यावा लागतो. पहिल्या पद्धतीत पट्टा घसरला की आरपीएमही खोटा. स्पीड सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या आणि शिल्डच्या आत हव्यात, आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची. नव्या इंजिनांत सिग्नल कॅन लाइनवरून (गाडीतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरींच्या जोडीवरून) येत असेल, तर बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर ठीक. १२० आले, तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा नाहीच.

बिघाड शोधताना

४एल८०-ई दुसऱ्या गिअरमध्ये उठतो, तिथेच राहतो आणि प्रत्येक वेळी धक्क्याने लागतो? आधी फ्यूज बघा. वीज गेली की दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद, म्हणजे दुसरा गिअर, आणि प्रेशर सोलेनॉइडही बंद, म्हणजे पूर्ण प्रेशर. फ्यूज ठीक असेल तर मुख्य कनेक्टर उघडा. त्यात तेल झिरपलेलं असेल तर साफ करून सील बदला.

सेटिंग एका वेळी एकच बदला, आणि आधीची फाइल जपून ठेवा.

त्यानंतर गाडी चालवून कंट्रोलरमधल्या आकड्यांची नोंद (लॉग) घ्या, त्यात इनपुट आणि आउटपुट शाफ्टचे वेग हवेत. तिसऱ्या गिअरमध्ये, रेशो १.०० असल्यामुळे, दोन्ही आकडे सारखे असले पाहिजेत. आउटपुट २,००० आणि इनपुट २,१५० दिसत असेल, आणि सेन्सरसमोरच्या चाकाच्या दातांची संख्या कंट्रोलरमध्ये बरोबर भरलेली असेल, तर प्लेटा घसरत आहेत. अशा वेळी लॅपटॉपवर प्रेशर वाढवून आणखी एक खेप मारू नका. गाडी उभी करा, गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उघडा आणि तेलात काय उतरलंय ते बघा.